नैवेद्य जिमीनं खाल्ला

साहेबांचा कुत्रा ठेवून घ्यायला मी 'हो' म्हणालो, इथून सगळं सुरू झालं. आजवर मी ज्याला ज्याला 'हो' म्हणालो त्यानं मला बुडवलं आहे. (यात माझं लग्नही धरायला हरकत नाही. वनमाला हे वाचणार नाही, तिला माझं अक्षर लागत नाही.)

अक्षराचं दुखणं जुनं आहे. निजामाच्या काळापासून मी आमच्या तालुक्याच्या कचेरीत कारकून. माझं उर्दू अक्षर पाहून जुने तहसीलदार 'वाह, मार्तंडराव!' म्हणून मान डोलवायचे. मग निजाम गेला, आणि पुढं मराठवाडाही मुंबई राज्यात गेला. पुण्याकडचे साहेब आले आणि हुकूम निघाला की सगळ्या कारकुनांनी मराठीची खात्याची परीक्षा द्यावी. संधी तीन. मी मराठीत बोलतो, मराठीत भांडतो, माझ्या घरात रडारडसुद्धा मराठीतच होते. पण कोरा कागद समोर आला की माझी लेखणी आपली उजवीकडून निघते. दोनदा नापास झालो. आता तिसऱ्यांदा झालो, तर अव्वल कारकुनाची खुर्ची सोडून बंडप्पाच्या हाताखाली नकला करायला बसणं आलं. या बंडप्पाला फायलीची दोरी कशी बांधतात हे मीच शिकवलं होतं. तोही त्याच परीक्षेला बसला होता, पण पहिल्यांदाच. त्याला घाई नव्हती.

अशा वेळी वनमालानं सोनारीच्या काळभैरवाला नवस बोलून टाकला. भैरव आमचं कुलदैवत आणि कुत्रा त्याचं वाहन. तेव्हा अकरा रविवार देवाला नैवेद्य दाखवायचा, तो कुत्र्याला घालायचा, आणि कुत्र्यानं खाल्ल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. नवस तिनं बोलायचा, परीक्षा मी द्यायची आणि उपाशी माझ्या सत्तर वर्षांच्या आईनं बसायचं, अशी वाटणी झाली.

आमच्या गल्लीत एरवी सतरा कुत्री आहेत. बाजारातून हातात पुडकं घेऊन निघालो की त्यातली निम्मी घरापर्यंत पोचवायला येतात. पहिल्या रविवारी मात्र एक नाही. सगळी गावाच्या वरच्या अंगाला लग्नाच्या पत्रावळींवर गेली होती. सोवळं नेसून, हातात ताट घेऊन, 'यू यू' करत मी अर्धं गाव पालथं घातलं. शेवटी दीड वाजता बंडप्पाच्या दारात त्याचं लंगडं कुत्रं सापडलं. त्यानं बिचाऱ्यानं ताट चाटूनपुसून खाल्लं.

ओट्यावर बसून बंडप्पा हे बघत होता. "रावसाहेब," तो म्हणाला, "परीक्षेचं लईच मनावर घेतलंय जणू तुम्ही."

घरी येऊन मी जाहीर केलं की आपण आपलं स्वतःचं कुत्रं पाळायचं. त्याच आठवड्यात साहेबांची बदली झाली. निरोपाच्या चहाला साहेब म्हणाले, "मार्तंडराव, आमच्या जिमीला ठेवता का? काही त्रास नाही हो त्याचा. काहीही चालतं त्याला."

मी म्हणालो, "हो."

जिमी पांढरा, तांबड्या कानांचा, भरल्या अंगाचा होता. वनमालानं त्याच्यापुढं गरम ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून ठेवली. त्यानं वास घेतला, मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. मी मराठीत मसुदा लिहून पुढं केला की साहेब अगदी असंच बघायचे.

भाकरी नाही तर भात दिला. भात नाही तर थालीपीठ दिलं. दोन दिवस त्यानं नुसत्या पाण्यावर काढले. तिसऱ्या दिवशी मी कचेरीतल्या बसप्पा शिपायाला विचारलं. साहेबांच्या बंगल्यावर वर्षभर तोच राबत होता.

"बाईसाहेब गव्हाच्या पोळीला तूप लावून, मांडीवर डोस्कं घेऊन चारायच्या त्येला," बसप्पा म्हणाला. "एक एक घास."

"अरे, पण साहेब तर म्हणाले काहीही चालतं!"

"साहेबाला काय म्हायती? साहेबाला कुठं चारायचं हुतं?"

आमच्याकडं गव्हाची पोळी सणाला होते. तरी केली. तूप लावलं. वनमालानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं तोंड मिटलं. मग आईची मांडी झाली, मग माझी झाली. (माझ्या मांडीवर तो झोपला. खाल्लं नाहीच.)

आणि दुसरा रविवार उजाडला.

बारा वाजता देवाला नैवेद्य दाखवला. सव्वाबाराला ताट जिमीपुढं ठेवलं. एक वाजला. वनमाला हात जोडून बसली होती. आई खांबाला टेकून जिमीच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. दोन वाजले.

"मार्तंडा," ती म्हणाली, "पाया पड बाबा त्याच्या. मला आता धीर निघंना झालाय."

पडलो. खोटं कशाला सांगू, खरंच पडलो. त्यानं दुसरीकडं तोंड केलं.

"आपण त्याच्या तोंडाकडं बघायलाव म्हणून तो खाईना," मी म्हणालो. "त्याला एकांत लागतो." आणि एका हातात ताट, दुसऱ्या हातात साखळी घेऊन मी मागच्या गोठ्यात शिरलो.

गोठ्यात गाय नाही. ती विकून सहा वर्षं झाली. आता तिथं सरपण असतं आणि परीक्षेचा अभ्यास करायला मी असतो. आतून कडी लावली, ताट ठेवलं, हात जोडले. तो बसला, मी बसलो. बाहेरून आईचं कण्हणं ऐकू येत होतं. तेव्हा मी इकडंतिकडं पाहिलं, देवाची माफी मागितली आणि ताट पुढं ओढलं.

सगळं खाल्लं. पानाची शितंसुद्धा वेचली. जिमी बघत होता. मधे एकदा त्यानं जांभई दिली.

रिकामं ताट घेऊन बाहेर आलो तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "जेवला!" वनमाला ओरडली आणि तिनं जिमीची दृष्ट काढली. मग पानं वाढली. मला पुन्हा जेवावं लागलं. "आज तुम्हाला भूक न्हाई वाटतं," वनमाला म्हणाली, आणि तिनं माझा भात परत पातेल्यात टाकला.

असं दर रविवारी चालू झालं. त्यात मला एक गोष्ट सुचली, ती सांगायला आता लाज वाटते. कारळाचा कूट घालून केलेली भरली वांगी मला फार आवडतात. हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी वनमालाला सांगितलं. चौथ्या वर्षी पुन्हा सांगितलं. 'कूट करायला वेळ कुणाला आहे?' असं उत्तर मिळालं. मग सांगायचं सोडून दिलं, त्याला बारा वर्षं झाली. चौथ्या रविवारच्या आदल्या दिवशी मी सहज म्हणालो, "जिमी वरणभात जरा नाराजीनंच खातो बघ. काल शेजारच्यांच्या वांग्यांकडं सारखा बघत होता."

"अगोबाई! मग आधी नाही का सांगायचं?" वनमाला तशीच उठली आणि कारळं भाजायला बसली.

त्या रविवारी गोठ्यात बसून मी जी वांगी खाल्ली तशी जन्मात खाल्ली नव्हती. खाताना मला मधेच भरून आलं. सोळा वर्षं नवरा म्हणून मागितलं ते मिळालं नाही, आणि कुत्रा म्हणून मागितलं ते दुसऱ्या दिवशी ताटात. पुढच्या रविवारी जिमीला तव्यावरचं पिठलं आवडलं. त्याच्या पुढच्या रविवारी शेंगाच्या पोळ्या आवडल्या. वनमाला गल्लीत सांगत सुटली, "तोंडानं बोलत न्हाई, पण त्याला चव कळती. माणसं काय, पुढं येईल ते गिळत्यात."

तुम्ही म्हणाल, जिमी जगत कशावर होता? मलाही हाच घोर होता. उलट तो चांगला गुबगुबीत झाला होता. एके संध्याकाळी बसप्पाच्या घरावरून येत होतो, तर हा पठ्ठ्या त्याच्या अंगणात शिळी ज्वारीची भाकरी मटामटा खात होता. वर मिरचीचा ठेचासुद्धा.

"आमच्याकडं काहीबी खातंय की!" बसप्पा कौतुकानं म्हणाला. "रोज येतंय. लई गुणाचं कुत्रं."

म्हणजे भाकरीला त्याची ना नव्हती. माझ्या घरच्या भाकरीला होती. मला फार लागलं ते. कचेरीत साहेबानं नाक मुरडावं, घरी बायकोनं मुरडावं, ते एक वेळ चालतं. पण माझ्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यानंही ठरवावं की या माणसाचं खायचं नाही!

नवव्या रविवारनंतर परीक्षा झाली. निबंधाला विषय होता 'इमानी प्राणी'. मी दात-ओठ खाऊन डावीकडून उजवीकडं तीन पानं लिहिली. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं.

अकराव्या रविवारी उद्यापन होतं. वनमालानं पाच पानं बाहेरची बोलावली, त्यात बंडप्पाही. निकाल लागायच्या आधी त्याचं तोंड गोड करावं हा तिचा विचार. सगळे अंगणात पाटावर बसले. जिमीपुढं ताट आलं. त्यानं पाठ फिरवली.

"असा चारचौघांत न्हाई खात तो," वनमाला अभिमानानं म्हणाली. "ह्यांच्याबरोबर गोठ्यात खातो. चला हो, न्या त्याला."

मी त्याला आत नेलं, कडी लावली, साखळी सोडली आणि वांग्यांना हात घातला. पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून मधूनमधून मोठ्यानं म्हणत होतो, "खा जिमी, खा! सावकाश! कारळाचा कूट आहे बघ! शहाणा माझा!" मचमच आवाजही काढत होतो. या नादात मागच्या भिंतीचं भगदाड माझ्या लक्षात आलं नाही. जिमीच्या आलं.

एकाएकी अंगणातून बंडप्पाचा आवाज आला.

"रावसाहेब, जिमी हितं माझ्या पाटाजवळ येऊन बसलाय. तुमी आत कुणाला चारायलाव?"

माझ्या तोंडात अख्खं वांगं होतं. मी गिळायचा प्रयत्न केला, ते उतरेना. कडी काढून बाहेर आलो तेव्हा मिशीला कूट लागलेला होता आणि हातात ताट होतं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बंडप्पानं फक्त आपला रुमाल पुढं केला.

वनमाला माझ्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात तिनं विचारलं, "पिठलंसुद्धा?"

मी होकाराची मान डोलावली.

जिमी त्याच दिवशी बसप्पाकडं कायमचा राहायला गेला. महिन्यानं निकाल लागला. मी चार गुणांनी नापास. बंडप्पा पास. आता मी त्याच्या हाताखाली नकला करतो. तो मला 'बसा रावसाहेब' म्हणतो, तेव्हा उभं राहावंसं वाटतं. देवाचं चुकलं असं वनमालाला वाटत नाही. "पहिल्या रविवारी बंडप्पांच्या कुत्र्यानं नैवेद्य खाल्ला," ती म्हणते, "मग ते पास न्हाई होणार तर काय? देव बरोबर बघतो."

सरकारनं कृपा करून नापासांना चौथी संधी दिली, आणि वनमालानं पुन्हा अकरा रविवार धरले. या खेपेला गल्लीत कुत्री होती. सतराच्या सतरा. मी ताट उचलून निघालो, तर आईनं अडवलं.

"दहा रविवार ज्यानं खाल्लं, देवानं त्यालाच आपलं कुत्रं मानलं असंल," आई म्हणाली. "आता मधीच तोंड बदलायचं न्हाई."

मी वनमालाकडं पाहिलं. तिनं गोठ्याचं दार उघडलं. मी आत जाऊन सरपणाजवळ बसलो. तिनं ताट पुढं ठेवलं. मी वरचा केळीच्या पानाचा तुकडा बाजूला केला. खाली भात, गार वरण आणि दुधी.

"वांगी?" मी विचारलं.

"वांगी जिमीला लागायची," ती म्हणाली. "तुम्हाला काय, काहीही चालतं."

मी पहिला घास घेतला. घरातून आईची हाक आली, "वनमाला, खाल्लं का गं त्यानं?"