सुंदराची डॅनिश गाणी

आमच्या आप्पांची म्हैस डॅनिश गाणी लागल्याशिवाय दूध देत नाही. निदान आप्पा तरी गेली दोन वर्षं सगळ्या गंगावेशीला असंच सांगत आले आहेत.

आप्पा माझे शेजारी. रोज संध्याकाळी ते आणि मालूवहिनी सुंदरा म्हशीला घेऊन दूधकट्ट्यावर येतात. गिऱ्हाईक ग्लासाची वाट बघत उभं, समोर धार, ग्लासात फेस. कोल्हापूरकराला याहून जास्त सुख झेपत नाही. पण आधी आप्पा खांबाला स्पीकर टांगणार, मोबाइलवर अल्बम लावणार, आणि मगच म्हशीखाली बसणार.

हा अल्बम त्यांच्या लेकीनं, पूनमनं पाठवलेला. ती नोकरीसाठी डेन्मार्कला असते आणि गायिका तिकडचीच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, इचलकरंजीत माग चालू आहेत आणि आत कुणी बाई हुंदके देत बसली आहे. तसं बोलूनही गेलो. आप्पा उखडलेच.

"मास्तर, आदी ही चारचौघांच्या बँडमधी गिटार घिऊन गायची. मग समदं सोडलं आन् एकटीच मशिनं घिऊन बसली. गाणं हिचं, चाल हिची, अंधार बी हिचाच! धाडस लागतंय!"

'धाडस लागतंय' हे आप्पांचं पालुपद. कुणी बिनसाखरेचं दूध मागितलं तरी धाडस लागतंय. नव्या गिऱ्हाइकाला दुधाआधी गायिकेचं चरित्र मिळतं. मुरगूडचे एक पाहुणे मध्येच बोलायला गेले, तर "गप ऐका पावणं, आता ठोका बदलतोय!" म्हणून त्यांना गप्प केलं. पाहुणे शेवटी मान हलवून ताल धरायला लागले.

वेळेचाही असाच खुळा हट्ट. हिवाळ्यात धार सहाला, उन्हाळ्यात पाचला, आणि हा बदल एका दिवसात. विचारलं तर म्हणायचे, "म्हशीला ऋतू कळतोय की!" मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी मान डोलवायचो.

परवा बरोबर सहाला आप्पांचा मोबाइल हातातून सटकला आणि म्हशीच्या पाण्याच्या बादलीत बुडाला. आप्पा घामाघूम. "आज म्हस दूध द्याची न्हाय. घरला जावा समदी."

"सरका तिकडं," म्हणत मालूवहिनी खाली बसल्या. सुंदरानं मुकाट्यानं बादलीभर दूध दिलं. अख्खा कट्टा हसून बेजार झाला. मीही म्हणालो, "काय आप्पा, म्हैस फितूर झाली की!"

आप्पा हसले नाहीत. लोक पांगल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, तुमच्या फोनवर त्या बाईची गाणी लावा की. तिकडं दीड वाजून गेलाय. पूनम ह्या टायमाला एकटीच डबा खात बसती. ती तिकडं लावती, मी हिकडं. तेवढंच संगं जेवल्यागत वाटतंय."

म्हणजे ऋतू कळत होता तो हा! तिकडची घड्याळं वर्षातून दोनदा तासभर सरकतात आणि त्यांच्यामागोमाग आमच्या गंगावेशीतली धार. मी खिशातून फोन काढून शोधायला लागलो.

अल्बम सापडला. पहिलं गाणं लावणार, तोच आप्पांनी माझा हात धरला.

"पहिल्यापासनं नगं. तिचं तिसरं गाणं चालू असंल. तिथनं लावा."