कॅसिनोचे पाहुणे

कॅसिनोत जाताना माणसं खिशात पैसे घेऊन जातात. आमचे दामूअण्णा लाडवांचा डबा घेऊन जायचे.

लाडू रव्याचे. साठच्या दशकात श्टुटगार्टला चण्याची डाळ औषधालाही मिळत नसे, पण रवा 'ग्रीस' या नावाने कुठल्याही वाण्याकडे मिळे, आणि लोणी काय, कढवाल तेवढं. शुक्रवारी संध्याकाळी दामूअण्णा आमच्या स्वयंपाकघरात येऊन रवा भाजत. शनिवारी दुपारी निळा सूट, टाय, चकचकीत बूट आणि हातात अ‍ॅल्युमिनियमचा डबा अशी ती मूर्ती आगगाडीत बसे. श्वार्झवाल्डच्या जंगलाच्या कडेला, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका गावात झुंबरांचं कॅसिनो होतं आणि त्याला लागून त्याचंच हॉटेल. तिथे दारवानापासून हा डबा फिरायला सुरुवात होई. रूलेटचं चाक फिरवणाऱ्या क्रुपिएला कामावर असताना काही घ्यायची बंदी, म्हणून त्याचा लाडू कागदात गुंडाळून कोट ठेवायच्या खोलीत पोचता केलेला असे.

"अण्णा, अहो कॅसिनो आहे ते!" मी एकदा म्हणालो.

"आल्झो, कॅसिनो असेल नाहीतर आणखी काही. दोन दिवस राहायला जायचं, जेवायचं, ते हात हलवत? रीत म्हणून काही आहे की नाही?"

'आल्झो', म्हणजे 'तर मग', हा जर्मन शब्द त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या दारात उभा असे आणि 'रीत म्हणून काही आहे की नाही' हे वाक्य प्रत्येक वादाच्या शेवटी.

दामोदर आगाशे मूळचे मिरजेचे. माझ्याच कारखान्यात, माझ्याच ड्रॉइंग ऑफिसात, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. बायको गेल्यावर पन्नाशीच्या तोंडावर एकटेच इकडे आले आणि एका विधवा बाईंच्या घरात एक खोली घेऊन राहिले. बाईंची हाऊसऑर्डनुंग, म्हणजे घराचे नियम, दाराच्या आतल्या बाजूला टांगलेली. फोडणी करायची नाही. जिन्यात बोलायचं नाही. पाहुणे आणायचे नाहीत. अण्णा ती इतकी काटेकोर पाळत, की त्या घरात ते राहतात हे खुद्द बाईंच्याही अधूनमधून लक्षात राहत नसावं.

असा माणूस जुगारी झाला कसा? तर चुकून. ऑफिसची सहल त्या गावी गेली होती. सगळे हौस म्हणून कॅसिनोत शिरले. माझ्याकडे टाय नव्हता. दारावर भाड्याने मिळाला, तो नेमका हिरव्या बदकांचा. मी माझ्या जन्मतारखेवर एक चकती लावली आणि ती गेली. आपला जन्म कुणाला लाभदायक ठरलेला नाही हे घरी अनेकदा ऐकलं होतं, त्यावर शिक्कामोर्तब झालं. अण्णांनी मात्र कुठल्या रंगाच्या चकतीची किंमत किती हे भिडेपोटी विचारलंच नाही आणि मिळतील त्या चकत्या दिसेल तिथे ठेवत गेले. बघता बघता त्यांच्यापुढे ढीग लागला. आसपास माणसं जमली. अण्णांना वाटलं आपलं काहीतरी चुकतंय, म्हणून ते प्रत्येकाला "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग" म्हणत माफी मागत जिंकत राहिले.

जिंकून गेलेला माणूस परत आला तरच त्याने नेलेलं परत येतं. हे कॅसिनोवाल्यांचं साधं गणित. त्यामुळे थोड्याच दिवसांत हॉटेलचे व्यवस्थापक हेर, म्हणजे श्रीयुत, व्होगेल यांचा निरोप आला: आपण आमचे पाहुणे म्हणून महिन्यातून एक शनिवार-रविवार यावं. खोली आमची, जेवण आमचं, रविवारी दुपारी आपले इष्टमित्र असतील तर त्यांचंही.

इथे दुसरा कुणी असता तर त्याने ओळखलं असतं. अण्णांनी फक्त 'पाहुणे' हा शब्द ऐकला.

आणि पाहुणे म्हणजे पाहुणे! हॉटेलातला पलंग ते सकाळी स्वतः आवरत, न्हाणीघर स्वतः पुसून कोरडं करत. खोली साफ करणारी बाई गोंधळून खाली सांगायला गेली, की वरचे गृहस्थ आलेलेच दिसत नाहीत. हेर व्होगेल दिसले की अण्णा आधी त्यांच्या घरच्या सगळ्यांची चौकशी करत. त्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्यावर मिरजेचं कुठलंसं तेलही त्यांनी आणून दिलं होतं.

पण खरी गंमत रूलेटच्या टेबलावर. अण्णा एक चकती लालवर ठेवत आणि तेवढ्याच किमतीची दुसरी काळ्यावर. चाक फिरे. एक जाई, एक येई. अण्णा समाधानाने मान हलवत आणि पुन्हा तसंच. शून्य आलं तर मात्र कॅसिनोचा फायदा, आणि शून्य आलं की अण्णांचा चेहरा खुले.

मला वाटलं, ही काहीतरी खोल युक्ती आहे. मी हॉटेलच्या कागदी रुमालावर आकडेमोडही करून पाहिली. माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीला काही सापडलं नाही. शेवटी विचारलं.

"आल्झो, यात युक्ती कसली?" अण्णा म्हणाले. "ज्याच्या घरी जेवलो त्याच्याकडून जिंकायचं? शोभतं का? आणि भरमसाट हरलो तर त्या बिचाऱ्याला वाटेल, पाहुण्याला घरी बोलावून लुबाडलं. त्यालाही संकोच नको. शून्य आलं की बरं वाटतं. त्याचंही थोडं राहावं."

"मग खेळता कशाला?"

"त्याने एवढं चाक मांडलंय हौसेनं. बघायलाही बसायचं नाही?"

म्हणजे जिंकायचं नाही, हरायचं नाही, आणि खेळाची गोडीही नाही. मग हा माणूस दर महिन्याला जातो कशाला? हा प्रश्न मला छळायला लागला. बायकोला, सुमतीला, विचारलं. ती म्हणाली, "रविवारी डोळे उघडे ठेवून जेवा, म्हणजे कळेल."

कारण रविवारी दुपारचे ते इष्टमित्र म्हणजे आम्ही. मी, सुमती आणि आमची सहा वर्षांची मीनू. खिडकीजवळचं टेबल, पांढरीशुभ्र चादर, आणि अण्णा वेटरच्या हातातलं भांडं काढून घेऊन स्वतः वाढताहेत. "वहिनी, एवढंसं काय घेताय? बटाटा घ्या अजून. कुलकर्णी, लाजू नका, आपलंच आहे." वेटर बिचारा हात मागे बांधून उभा. मी डोळे उघडे ठेवले होते, पण ते ताटावर. मला काही कळलं नाही.

अशाच एका रविवारी हेर व्होगेलनी मला बाजूला घेतलं.

"तुमचे मित्र," ते हळूच म्हणाले, "त्यांची पद्धत काय आहे? आमचा एक माणूस कित्येक महिने त्यांच्या मागे उभा राहून टिपणं काढतोय. हे भारतीय गणित आहे का?"

"नाही. हे... शिष्टाचार आहेत."

मी समजावून सांगितलं. हेर व्होगेलनी आपला टाय सारखा केला. मग म्हणाले, "मालकांनी ठरवलंय. पुढच्या महिन्यापासून ती खोली दुसऱ्यांना द्यायची. जो हरत नाही त्याला आम्ही किती दिवस ठेवणार? पण हे तुम्ही सांगा. मी त्यांचे लाडू खाल्लेत. माझ्याने होणार नाही."

मी तरी कुठले कमी खाल्ले होते! तरी परतीच्या गाडीत, मीनू सुमतीच्या मांडीवर झोपल्यावर, सांगितलं. जमेल तितकं गोल गोल सांगितलं. माझं गोल बोलणं ऐकून समोरच्याला सरळ बोलणं परवडतं.

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "पाहुण्याला कधी उठायचं ते कळायला हवं."

"अहो अण्णा, त्यांनीच तर..."

"ते नाही हो." त्यांनी डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. "पुढच्या महिन्यात तुम्हाला जेवायला यायचं सांगून बसलोय मी. मिरजेला आमच्याकडे जेवायला चार माणसं नाहीत असा रविवार नसायचा. ही म्हणायची, तुम्ही माणसं आणता म्हणून माझ्या हाताला चव आहे. इथे त्या खोलीत कुणाला बोलावू? तिथे निदान टेबल होतं. 'या' म्हणता येत होतं."

मला ज्याचा पत्ता लागत नव्हता ते उत्तर समोर बसलं होतं. या गृहस्थाने वर्षभर लाल-काळं केलं ते चार खुर्च्यांसाठी.

घरी आल्यावर मी सुमतीला म्हणालो, "त्यात काय, आपण बोलावू की त्यांना."

"अहो, तुम्हाला कळत कसं नाही?" ती म्हणाली. "आपण बोलावलं की ते पाहुणे झाले. पाहुणे होऊन दमलेत ते."

पुढच्या महिन्यात, ठरलेल्या रविवारी सकाळी तिने आमच्या घराची किल्ली अण्णांच्या हातात दिली आणि आम्ही तिघं बाहेर पडलो. बागेतल्या बाकावर कुडकुडत बसलो. बारा वाजता चांगले कपडे सावरत आमच्याच इमारतीच्या दाराशी आलो आणि आमचीच घंटा वाजवली. तळमजल्यावरच्या शेजारीण बाईंनी डोकं बाहेर काढलं.

"किल्ली हरवली का?"

"नाही. जेवायचं आमंत्रण आहे."

"कुणाकडे?"

"वर. आमच्याकडे."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि दार लावून घेतलं.

वर अण्णांनी दार उघडलं. सूट, टाय आणि त्यावर सुमतीचा एप्रन. "या, या! घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

वरण-भात, बटाट्याची भाजी, शिरा. मीनू "नाइन, डांके", म्हणजे नको, म्हणाली, तर "आमच्या घरात नाइन चालत नाही" म्हणत त्यांनी शिऱ्याचा आणखी एक डाव तिच्या ताटात घातला. मी पाणी आणायला उठलो, तर खांदा दाबून बसवलं. सुमती सवयीने ताटं गोळा करायला लागली, तर म्हणाले, "वहिनी, हात लावायचा नाही. रीत म्हणून काही आहे की नाही?" ती हात मांडीवर ठेवून बसली. लग्न होऊन आल्यापासून स्वतःच्या घरात तिला कुणी वाढलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. माझी बुद्धी जेवणानंतर चालते.

मग अण्णा आम्हाला दारापर्यंत सोडायला आले. सुमतीच्या हातावर त्यांनी सुपारी ठेवली. "काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि पुन्हा या."

"येतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आम्ही कोट चढवले, जिना उतरलो. रस्त्यावर येऊन वर पाहिलं तर आमच्या खिडकीत अण्णा उभे होते, हात हलवत. मीनूनेही हात हलवला.

"पापा, वोहिन?" तिने विचारलं. कुठे चाललोय आपण?

"कोपऱ्यापर्यंत," सुमती म्हणाली. "ते बघताहेत. हळू चाला."