दहा अडॅप्टर आणि एक निळा झगा

शिलाई मशीनच्या प्लगला तीन गोल पाय आणि भिंतीतल्या सॉकेटला दोन चपट्या फटी, हे वहिनींना कळलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. मशीन आदल्याच दिवशी बोटीच्या सामानातून परदेशातल्या या नव्या घरी आलं होतं. टेबलावर खालच्या मजल्यावरच्या व्हायोलिनवाल्या बाईंचा निळा झगा पडला होता, कडेची शिवण हातभर उसवलेला. बाराला बाईंचा कार्यक्रम. मायदेशातलं नऊ वर्षांचं शिवणकामाचं दुकान बंद करून वहिनी नवऱ्यामागे इथे आल्या होत्या, आणि हे इथलं पहिलंच गिऱ्हाईक. हे हुकलं, तर पुन्हा दुकान मांडायची हिंमत आपल्याला होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"अहो, हा प्लग बसत नाहीये!"

"घाबरतेस काय? निघतानाच दहा अडॅप्टर घेतलेत. माणसाने पुढचा विचार करावा." साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. साहेब म्हणजे वहिनींचे यजमान, आणि चक्क विजेचे इंजिनियर!

दहाही अडॅप्टर बाहेर निघाले आणि दहाही बसेनात. साहेबांनी ते उलटे करून पाहिले, खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिले. शेवटी वहिनींनी एक ओढून घेतला.

"अहो, यात चपटे पाय जातात आणि मागून गोल निघतात. इथली वस्तू आपल्या तिकडच्या घरी लावायला आहेत हे!"

"म्हणजे थोडी दिशा चुकली म्हणायची."

"थोडी? दहाच्या दहा! एखादा तरी चुकून बरोबर आणायचात!"

एवढ्यावर गप्प बसतील तर ते साहेब कसले! त्यांनी प्लगच छाटला, वायरींची टोकं सोलली आणि काड्यापेटी शोधली. वायर सॉकेटात खुपसून वर काडी ठोकायची, ही विद्या ते वसतिगृहात शिकले होते. वायर टेकली मात्र, फट्ट! घरातली वीज गेली, जिन्यातली गेली आणि लिफ्टमध्ये कुणीतरी दार बडवायला लागलं.

सव्वादहा झाले होते. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग राग आला, आणि रागाच्या भरात त्यांनी मोटरचा पट्टाच उपसून काढला.

"बसा इथे. हे चाक हाताने फिरवा."

"मी? अगं, मी इंजिनियर आहे!"

"वीज कुणी घालवली? मग आता तुम्हीच वीज व्हा."

साहेब चाकाशी बसले. "हळू... वळण आलं, अजून हळू... आता पळवा!" वहिनी कापड सारत होत्या, साहेब घाम पुसत होते. साडेअकराला व्हायोलिनवाल्या बाई रडवेल्या तोंडाने जिना चढून आल्या.

"वीज नाही, म्हणजे माझा झगा राहिलाच ना?"

वहिनींनी शेवटचा दोरा कापला आणि झगा पुढे केला. बाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं, उसवलं होतं कुठे ते सापडेना. त्यांनी वहिनींना कडकडून मिठीच मारली. संध्याकाळी त्यांच्या वाद्यवृंदातल्या आणखी तिघी कपडे घेऊन दारात हजर! वहिनींनी मापाची टेप गळ्यात अडकवली आणि तिघींना आत घेतलं.

बरोबर अडॅप्टर दोन दिवसांनी मिळाला. साहेबांनी ऐटीत बटण दाबलं, मशीन धडधडत सुटलं. वहिनींनी चार टाके घातले, कापड निरखलं आणि बटण बंद केलं.

"आता काय झालं?"

"रेशीम आहे हो. मोटरीला हळू म्हटलेलं कळत नाही. या, बसा चाकावर."

"बघ, मी नसतो तर तुझं काय झालं असतं!" साहेब म्हणाले आणि बाह्या सरसावून बसले.