तीन फुटी चावी

पनवेलच्या भाजीबाजाराजवळ महिलांसाठी स्वच्छतागृह नाही, ही उणीव ‘सेवासुगंध क्लब’च्या कार्यकारिणीने सलग तीन बैठकांत, एसी सभागृहात, जड अंतःकरणाने आणि बटाटेवड्यांसह मान्य केली. वर्षभरात स्वच्छतागृह उभे राहिले. आत गुलाबी फरशी, मोठा आरसा. दारावर अकरा पदाधिकाऱ्यांची नावे. नावे नीट वाचता यावीत म्हणून दार बंदच ठेवण्यात आले.

त्या दारासमोर हौसाची बैठक. पळस्प्याच्या बाजूच्या गावातून ती सहाला टोपली घेऊन यायची, दोनला उठायची. मधल्या आठ तासांचा तिचा हिशोब चोख होता: पाणी दोन घोट, तेही ठसका लागला तरच. या हिशोबाची शिल्लक म्हणून तिला मुतखडा झाला. डॉक्टरने दिवसाला तीन लिटर पाणी सांगितले. हौसा बाटल्या भरून आणू लागली आणि प्यायची छाती होईना म्हणून मेथीवर शिंपडू लागली.

“ताई, दार कदी उघडाल?” तिने क्लबच्या सचिव कुमुदताईंना विचारले.

“मावशी, लोकार्पण व्हायचंय अजून. आधीच लोकांनी वापरलं, तर लोकांना अर्पण काय करायचं?”

मुद्दा बिनतोड होता. हौसा थांबली.

लोकार्पण थाटात झाले. अध्यक्ष अविनाशशेठ भाषणात एकोणीस वेळा ‘माता-भगिनी’ म्हणाले. मग ‘लाभार्थी’ म्हणून हौसाला मंचावर बोलावून तिच्या हाती थर्माकोलची, सोनेरी कागद चिकटवलेली, तीन फुटांची चावी देण्यात आली. फोटो निघाले. हौसा मंचावरून उतरली ती तडक दाराशी. कुलूप बोटभर, चावी दोन हात.

“शेठ, ही लागत नाय.”

“अहो हौसाबाई, ती प्रतीकात्मक आहे!” शेठ खळखळून हसले.

“असंल. पन मना लागलीय ती खरी हाय.”

शेठचे हसू ओसरले. खरी चावी त्यांच्या तिजोरीत होती. महिनाभरात ‘आदर्श नागरी सुविधा’ स्पर्धेचे परीक्षण होते, आणि वापराने वास्तू खराब होते हे कार्यकारिणीने एकमताने मान्य केलेले होते.

परीक्षक म्हणून पुण्याहून सुनंदाबाई आल्या. तीन तासांचा प्रवास. फरशी पाहून त्या भारावल्या, आरसा पाहून गहिवरल्या आणि हळूच म्हणाल्या, “मी जरा जाऊन येते.”



“मॅडम,” शेठ अदबीने म्हणाले, “हे परीक्षणासाठी आहे.” आणि त्यांनी बाईंना स्वतःच्या गाडीतून चार किलोमीटरवरच्या क्लबात नेले.

“बाय गं,” हौसा शेजारणीला म्हणाली, “गाडीवालीला पन आत नाय सोरली!”

बाई परतल्या त्या कृतज्ञ होऊन. अहवालात लिहिले, ‘वापराचा एकही डाग आढळला नाही.’ पहिला क्रमांक! आता असा नमुना वापरायचा कसा? कुमुदताईंनी दारापाशी अभिप्राय वही ठेवली आणि पाटी लावली: ‘चपला बाहेर काढून खिडकीतून पाहावे.’ शाळांच्या सहली कर्नाळ्याचे पक्षी बघून येता येता इकडे वळू लागल्या. पक्ष्यांची निदान विष्ठा तरी दिसायची.

हौसाचा चावीसकट फोटो फेसबुकवर गाजला. ती त्या चावीने भाजीवरच्या माश्या हाकलते. वाचकहो, गेल्या रविवारी मेथीसाठी तुम्हीच तिच्यापुढे वाकलात आणि ओळख पटून उजळलात.

“अय्या, चावीवाल्या मावशी ना तुम्ही? मी लाइक केलं होतं हं तुम्हाला! किती छान सोय झाली तुमची.”

तुम्ही एक जुडी उचललीत, देठ मोडून पाहिलात.

“ताजी आहे ना पण?”

“ताजी र्‍हानारच,” बाटली जुडीवर उपडी करत हौसा म्हणाली. “माज्या वाटचं तीन लिटर पानी हीच पिते.”