राणी मामुशीचा शत्रू

महिन्यातल्या एका रविवारी प्रभाकर मोघे सकाळी उठून मिठाच्या पाण्याने गुळण्या करत. जपानमधल्या कावासाकी शहरातल्या आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत, त्यामुळे शेजारी म्हणून मला हा कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येई. गुळण्या झाल्या की ज्येष्ठमधाची कांडी गालात धरून ते स्टेशनकडे निघत. मोघे गायक नव्हते, कीर्तनकारही नव्हते. ते ओरडायला जात.

एरवी त्यांचा आवाज फारसा कोणी ऐकलेला नव्हता. एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत ते वस्तू पाडण्याचं काम करत. नवं यंत्र बाजारात जाण्याआधी ते उंचावरून पाडायचं, तडा कुठे गेला ते पाहायचं आणि पुन्हा पाडायचं. मीटिंगमध्ये ते इतकं हळू बोलत की त्यांचं वाक्य शेजारचा माणूस मोठ्याने परत म्हणे. एकदा भलत्याच कुणीतरी भलत्या दिवशी टाकलेल्या कचऱ्यावरून खालच्या मजल्यावरच्या आजींनी मोघ्यांना झापलं. मोघे वाकून माफी मागून आले. वर त्यांनी तो कचरा घरी नेऊन नीट वेगळा केला. कुठल्याही विषयावर, म्हणजे शेअरबाजार, सरकार, पुण्यातले पूल यांवर, त्यांचं मत एकच असे. "पडायचीसुद्धा एक पद्धत असते हो."

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तो केवळ कुतूहलापोटी. टोकियोच्या कोतो भागातल्या एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर बायकांच्या कुस्तीची एक लहानशी संस्था खेळ करत असे. पैलवान बाया मोजक्याच. मालकीण शिमिझु-सान स्वतः निवृत्त पैलवान होत्या. दारात तिकिटं फाडायच्या त्याच, माइकवर बोलायच्या त्याच आणि शेवटी घडीच्या खुर्च्या उचलायच्याही त्याच. या कुस्तीत एक चांगली असते आणि एक वाईट. वाईट असते तिने केस ओढायचे, पंचाच्या पाठीमागे लाथा घालायच्या आणि प्रेक्षकांच्या शिव्या खायच्या. तीच तिच्या कामाची पावती. पण कोतोचे प्रेक्षक सभ्य. केस ओढले की ते "अरेरे" म्हणत आणि थांबत. त्यामुळे मोघ्यांना तिथे मान होता. शिमिझु-सान त्यांची पुढच्या रांगेतली खुर्ची राखून ठेवत.

वाईट बाई आली. काळा पोशाख, ओठ काळे, गळ्यात साखळी. नाव राणी मामुशी. मामुशी म्हणजे तिथला विषारी साप. मोघे उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने मी खुर्चीत दचकलो.

"आली का सटवी! केस काय ओढतेस, लाज नाही वाटत?"

मी इकडेतिकडे पाहिलं. मराठीत ओरडत होते. त्याहून मोठा धक्का पुढे होता. राणी मामुशी दोरांना रेलून त्यांच्याकडे बोट रोखून मराठीतच किंचाळली, "गप बस, ढेरपोट्या! शेंबड्या! तुझी कट्टी!"

गोदाम आनंदाने खदखदलं. मी मोघ्यांना विचारलं, "ही मराठी?"

"माझी मुलगी," ते म्हणाले आणि पुन्हा ओरडले, "हनुवटी! हनुवटी आत घे, भवाने!"

आजूबाजूच्या जपानी मंडळींनाही हा शब्द पाठ झाला होता. तो काहीतरी भयंकर अपशब्द असावा, अशी त्यांची समजूत होती. राणीला उचलून आपटायला घेतलं की सगळं गोदाम एका सुरात "हानुवाती!" असं गरजे. पाठीवर पडताना हनुवटी छातीला टेकलेली नसेल, तर डोकं मागे आपटतं. हे मोघ्यांनी मला परतीच्या गाडीत, त्यांच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं. ऐकण्यासाठी मला वाकावं लागलं.

मुलीचं नाव मैत्रेयी. ती अकरा वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर घरात मोघे मराठीत विचारत आणि ती जपानीत उत्तर देई. पुढे तेही कमी झालं. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून ती शिमिझु-सानकडे शिकायला गेली, तेव्हा मोघे म्हणाले होते, "पडलीस तर माझ्याकडे यायचं नाही." ती आली नाही. ती आखाड्यातच राहू लागली. फोन नाही, मेसेज नाही. वर्षभराने मोघे तिकीट काढून गेले, शेवटच्या रांगेत बसले, ती पहिल्यांदा आपटली तेव्हा न राहवून ओरडले आणि तिने रिंगमधून उलटून शिवी घातली. लोकांना ते आवडलं. शिमिझु-सानना तर फारच. पुढच्या महिन्यापासून मोघे पुढच्या रांगेत आले.

"मग आता बोलता ना तुम्ही?" मी विचारलं.

"तिथे बोलतो."

"आणि बाहेर?"

"बाहेर कशाला? असं काही ठरलेलं नाही. चालत आलंय."

पुढे मीही नेमाने जाऊ लागलो. त्या गोदामात मराठी कळणारा तिसरा माणूस मीच होतो, त्यामुळे तिथे काय चालतं हे मलाच माहीत होतं. एकदा मोघे मुठी हलवत गरजले, "ताप उतरला का गं, कैदाशिणे?" समोरचीचा हात पिरगाळता पिरगाळता राणी ओरडली, "उतरला! तुला काय करायचंय, उंदरा!" दुसऱ्या खेपेला ती खांबावर चढून, छाती पिटत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी गरजली, "म्हाताऱ्या! दाढ काढलीस का?" मोघे म्हणाले, "काढली! चालती हो!" लोक खूश होऊन टाळ्या वाजवत होते. आईच्या श्राद्धाच्या सुमाराला मोघ्यांनी विचारलं, "खीर करू का गं, चेटकिणी? तू येणारेस का?" राणी पंचाला ढकलून म्हणाली, "मला नकोय तुझी खीर, टकल्या." मोघे खाली बसले. ती कुस्ती राणी जिंकली.

तिची मराठी अकराव्या वर्षी थांबलेली होती. तिच्याजवळ सगळ्यात जहरी शब्द कट्टी हाच होता.

नंतर संस्था बंद होणार अशी बातमी आली. गोदाम पाडून तिथे फ्लॅट होणार होते आणि शिमिझु-सानचे गुडघे दुसरी जागा शोधण्याच्या पलीकडे गेले होते. शेवटच्या खेळाला मागेही लोक उभे होते. सुरुवातीला शिमिझु-साननी माइकवरून कोण कुठे जाणार ते वाचून दाखवलं. एक नागोयाला, नवऱ्याकडे. एक बालवाडीत शिकवायला. "आणि राणी मामुशी पुढच्या आठवड्यात मेक्सिकोला, तिथल्या कुस्तीत." टाळ्या झाल्या. मोघ्यांनीही वाजवल्या. त्यांना ते सगळ्यांबरोबरच कळलं होतं.

राणी रिंगमध्ये आली, साखळी फिरवली, दोरांपाशी येऊन उभी राहिली आणि वाट पाहू लागली. मोघे उठले. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"काय रे, जीभ गिळलीस?" ती म्हणाली.

लोक हसले आणि थांबले. मोघे हात हलवत राहिले, म्हणजे चालू दे, चालू दे. तिला आपटलं तेव्हा "हानुवाती!" लोकच ओरडले. ती हरली.

खेळ संपल्यावर मागे एका टेबलापाशी पैलवान बाया प्रेक्षकांबरोबर फोटो काढून देत. झटपट कॅमेऱ्यातला फोटो, खाली सही. मोघे त्या रांगेत कधीच उभे राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले. मी मागे होतो. पुढचे लोक एकेक पुढे सरकत होते. राणी प्रत्येकाची मान काखेत आवळून कॅमेऱ्याकडे दात विचकत होती. वाईट बाईचा फोटो तसाच काढतात.

मोघ्यांचा नंबर आला. तिने जपानीत, ग्राहकाला विचारतात त्या अदबीने विचारलं, "फोटो कसा हवा आपल्याला?"

मोघे जपानीत म्हणाले, "इतरांना देता तसाच."

तिने त्यांची मान काखेत धरली. वाकलेले मोघे एका हाताने चष्मा सांभाळत होते. शिमिझु-साननी फोटो काढला आणि कागद बाहेर आला. राणीने हात काढला नाही. रांगेतल्या कुणी घाई केली नाही.

या खेळात पकडीत सापडलेल्याने समोरच्याच्या अंगावर तळहात आपटला, की त्याने हार मानली असं धरतात. मग पकड सोडायची असते. मोघ्यांनी चष्म्यावरचा हात काढला आणि मुलीच्या दंडावर दोनदा आपटला.

शिमिझु-सान कॅमेरा खाली धरून उभ्या होत्या. त्यांनी तीस वर्षं हा नियम पाळला आणि पाळायला लावला होता. त्या दुसरीकडे पाहू लागल्या.

मैत्रेयीने पकड सोडली नाही.