दोन पासपोर्टांची नात

मोरू सकपाळला नात झाली ती हॉलंडमध्ये. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत घरोघर पेढे वाटून झाले, सगळ्यांनी ते खाल्ले, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण भरतच्या लग्नाला गेलोच नव्हतो.

भरत म्हणजे मोरूचा मुलगा. तो तिकडे एका इंडियन हॉटेलात कुक होता. मारायका नावाच्या मुलीबरोबर राहत होता, दोघांचं छान जमलं होतं, फक्त लग्न करायचं राहून गेलं होतं. तिकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. वाडीत मात्र शेजारच्या हैबतीने विचारलंच. मोरू म्हणाला, "मुंबईत झालं रे लगीन. घाईत." त्याच सुमारास मोरूच्या थोरल्या भावाचा, चांगूचा, मुंबईहून फोन आला. तो मोरूच्या बायकोने, ठकूबाईने घेतला. "गावी झालं भावोजी. देवळात, घाईत," ती म्हणाली. नवरा-बायकोने आपापली थाप एकमेकांच्या कानावर घातली नाही. त्यामुळे वाडी मुंबईवर रुसली आणि मुंबई वाडीवर, आणि दोन्हीकडे मोरूच्या घरच्यांशी बोलणं तुटक झालं.

अशात भरतचा फोन आला.

"बाबा, माझा शाळेचा दाखला पाठवा. पोरीचा पासपोर्ट काढायचाय."

"तिला हाय ना रे तिकडचा?"

"तिकडचा मिळेलच. आपला पण हवा. दोन असले म्हणजे कधीपण येता-जाता येईल. आमचं लग्न नाय झालेलं म्हणून इथं आपल्या वकिलातीत जरा घोळ हाय. पण मी बघतो. तुम्ही काय करू नका."

'तुम्ही काय करू नका' हे वाक्य मोरूला जन्मात कधी झेपलं नव्हतं.

"आणि आपला पासपोर्ट नाय मिळाला तर?" ठकूबाईने फोन ओढून घेत विचारलं.

"तर व्हिसा काढून यायचं आये. किती दिवस राहायचं ते त्यावर लिहिलेलं असतं."

"कोण लिहितं?"

"सरकार."

"माझी नात माझ्या घरात किती दिवस राहणार ते सरकार ठरवणार?" ठकूबाई म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. नात अजून तिने फोटोतच पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी मोरू महाडला आदिलभाईकडे गेला. आदिलभाईचं ट्रॅव्हलचं ऑफिस होतं. दासगावपासून पोलादपूरपर्यंतची निम्मी तरणी पोरं त्याच्याच हातून कुवेत-दुबईला गेली होती. पासपोर्टातलं त्याला कळत नाही असं काही उरलेलं नाही, असा त्याचा लौकिक होता. मोरूने त्याला सगळं सांगितलं.

"काका, मी इकडची माणसं तिकडे पाठवतो. तिकडची इकडची करायची केस माझ्याकडे कधी आली नाय. आणि दोन पासपोर्ट? एका माणसाला दोन देश चालत नाहीत."

"पेपरात तर आलंय, दुहेरी नागरिकत्व देणार म्हणून."

"ते वेगळं. म्हणजे, ते नक्की काय आहे ते मलापण माहीत नाय."

"अरे, आमची रेशनकार्डं दोन हायत. एक गावात, एक मुंबईत. मतदानाच्या यादीत नाव दोनदा हाय. आजपर्यंत कुणी—"

आदिलभाईने उठून दार लावलं. "काका, हळू बोला! बाहेर पोलीस चौकी आहे." मग तो पुन्हा बसला. "एक सांगू? लग्नाचा दाखला असेल ना, तर काम सोपं. दाखला असला की पुढचं कुणी विचारत नाय."

मोरू तडक ग्रामसेवकाकडे गेला. ग्रामसेवक म्हणाला, लग्न गावात झालं असेल तर नोंद करू, पण साक्षीदार आणा. मोरू हैबतीकडे आला.

"लगीन तर मुंबईत झालं म्हणालास!" हैबती म्हणाला.

"इथंच झालं. देवळात."

"देवळात? देवळासमोर माझं घर हाय! माझ्या दारात लगीन झालं आणि मला बोलावलं नाय?"

हैबती जो भडकला तो ऐकेना. शेवटी मोरूने त्याला आणि साऱ्या वाडीला लग्नाचं राहिलेलं जेवण द्यायचं कबूल केलं. बोकड पडला. मटण पोटात गेल्यावर हैबतीला हळूहळू लग्न आठवू लागलं. नवरी उंच होती, हार घालताना भरतला टाचा उंच कराव्या लागल्या, इथपर्यंत त्याने ग्रामसेवकाला सांगितलं. नवरीचं सासरचं नाव काय, असं ग्रामसेवकाने विचारलं. लग्न म्हटलं की सुनेचं नाव बदलायला हवं. मोरूने जरा विचार करून सांगितलं, "मीरा."

दाखल्यावर तेवढंच नाव चढलं, आणि भरतच्या शाळेच्या दाखल्याबरोबर तो हॉलंडला रवाना झाला.

इकडे ठकूबाईचा नवऱ्यावर भरवसा नव्हता. हैबती भडकला तेव्हाच तिला कळलं होतं की लग्न मुंबईत झालं असं वाडी मानते; मग ग्रामसेवक दाखला कसा देईल, असा तिचा हिशेब. तिने जेवणाच्या आधीच चांगूला गुपचूप फोन लावला होता. चांगू वाडीच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष होता.

"भावोजी, लगीन मुंबईत झालं असं कुणी लिहून दिलं तर पोर येईल हो."

"पण तू तर बोललीस गावी झालं."

"भावोजी!" आणि ठकूबाई रडायला लागली.

"रडू नको गो. टेन्शन नाय घ्यायचं. मंडळ कशाला हाय?" चांगूने मंडळाच्या कागदावर, गोल शिक्का मारून, 'सदर विवाह आमच्या उपस्थितीत मंडळाच्या जागेत संपन्न झाला' असं लिहिलं. अध्यक्ष म्हणून सही केली, मुलाचा चुलता म्हणून शेजारी पुन्हा सही केली. सुनेचं नाव ठेवायचा मान आपला, थोरल्याचा, म्हणून तिचं नाव मालती ठेवलं. तोही कागद हॉलंडला गेला.

दोन्ही पाकिटं पोचली तेव्हा भरत हॉटेलात होता. शाळेचा दाखला येणार हे मारायकाला माहीत होतं. मराठी तिला येत नव्हतं. शिक्के बघून तिने सगळेच कागद उचलले, बाळाला घेतलं आणि वकिलातीत नेऊन दिले. तिथला माणूस मराठी निघाला. त्याने दोनदा वाचलं आणि फार हळुवारपणे इंग्रजीत म्हणाला, "बाई, तुमच्या अर्जाला लग्नाचा दाखला नसता तरी चाललं असतं. वडिलांची कबुली आणि दोघांच्या सह्या पुरल्या असत्या. पण भरत यांची लग्नं दोन झालेली दिसतात. मीरा आणि मालती. यातल्या तुम्ही कोणत्या?"

भरतने शपथा घेतल्या, रडला, घरी फोन लावला. घरचे दोघं फोनवर एकाच वेळी बोलत होते, त्यामुळे त्यालाही काही कळलं नाही. मारायका म्हणाली, मी स्वतः जाऊन बघते. भारतीय पासपोर्टाचा अर्ज तिथेच राहिला. स्वतःच्या आणि पोरीच्या हॉलंडच्या पासपोर्टावर सहा महिन्यांचा व्हिसा घेतला आणि ती निघाली.

वाडीत जीप थांबली तेव्हा सगळे जमले होते. खुलासा करायला चांगूही मुंबईहून आला होता. पुढे मारायका, कडेवर पोर, आणि मागे बॅगा घेऊन मान खाली घातलेला दोन बायकांचा नवरा. मारायकाने वाटेत पाठ केलेलं मराठी म्हणून दाखवलं, "मीरा कुठे? मालती कुठे?"

हैबतीने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि समाधानाने म्हणाला, "उंच हाय. मी बोललोच होतो."

ठकूबाई पुढे झाली आणि तिने आधी पोर काढून घेतलं. "दोघी तूच हायस गो बाय," ती म्हणाली. "ह्यांनी एक नाव ठेवलं, भावोजींनी एक. माझी नात मला बघायला मिळंना, म्हणून आम्ही सगळे खोटं बोललो."

भरतने भाषांतर केलं. मारायकाने एकेकाकडे बघितलं, आणि मग ती ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.

आता खरंखुरं लग्न उरकून टाकू, असं चांगू म्हणाला. कुठे, यावरून दोघा भावांची लगेच जुंपली. भरतने मारायकाला विचारलं.

"ती नको म्हणते," त्याने सांगितलं. "म्हणते, दोनदा झालंय तेवढं पुरे."

"मग सोडा तो विषय," ठकूबाई म्हणाली. "पोरगी जेवली का ते विचार आधी."

भरतला रजा थोडीच मिळाली होती. मारायकाने मात्र व्हिसा संपेपर्यंत हलणार नाही असं जाहीर केलं. तो परत निघाला तेव्हा पोलादपूरच्या स्टँडवर त्याला पोचवायला मोरू एकटाच आला. भरतने मागे-पुढे पाहिलं.

"आये नाय आली?"

"पोरीला न्हाऊ घालतेय," मोरू म्हणाला. "तुझं इचारलं मी तिला. म्हणाली, त्याला जाऊ दे, तो काय, कधीपण येईल."