परवाचा ब्लाउज

"परवा माझी कंबर अठ्ठावीस होती गं," असं विमलताई म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्या कमरेकडे बघतच राहिले. मी पुण्याची. आमच्याकडे परवा म्हणजे परवा, दोन दिवसांपूर्वी! हैदराबादी 'परसों'ला मात्र धरबंध नाही. काल सोडून मागचं सगळं त्यात मावतं. ताई मूळच्या नांदेडच्या, पण तीस वर्षं हैदराबादेत, आमच्या नल्लकुंट्यात काढल्यावर त्यांचं मराठी 'परवा'सुद्धा तसंच सैल झालेलं. लग्न परवा, बाळंतपण परवा. मी आपली दरवेळी दुरुस्त करायची, आणि त्या "हौ, हौ" म्हणून पुढे चालू.

आमची दारं समोरासमोर. पाळी गेली आणि ताईंचं वजन वाढायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उपाशी राहू नका. चाला, वजनं उचला, डाळी-अंडी खा." झालं! ताई नामपल्लीच्या ऑफिसातून येताना नारायणगुड्यालाच बसमधून उतरायला लागल्या. साडीवर पांढरे बूट आणि तिथून तरातरा घरी. जिन्यात दोन हातांत पाण्याच्या दोन बाटल्या, वर-खाली, वर-खाली. ताटात ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी. कुणी चहा-बिस्किट पुढे केलं की "नक्को!" असं ओरडायच्या की समोरचा दचकायचा. मध्येच अंगातून गरम वाफ उठली, की माझ्या घरात शिरून थेट फ्रिज उघडून उभ्या.

"अहो ताई, बर्फ वितळला माझा!"

"दोन मिंटं गं. खात नाही काही, बघ, हात रिकामे."

हा सगळा आटापिटा एका निळ्या ब्लाउजसाठी होता. दर रविवारी तो अंगात चढवून बघायचा आणि मला बोलवायचं. "परवा आई आली होती ना, तिनं शिवला. सुजाताच्या लग्नात घाल म्हणाली." सुजाता त्यांची लेक, लग्न महिन्यावर आलेलं.

"अय्या, मग मला नाही भेटवलंत आईंना?" मी म्हटलं.

ताईंचा हात हुकावरच थांबला. "तिला जाऊन नऊ वर्षं झाली गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी त्यांचा 'परवा' कधी दुरुस्त केला नाही.

लग्नाला चार दिवस उरले. ताईंना दम लागायचा थांबला होता, गुडघे कुरकुरत नव्हते, झोपही लागत होती. ब्लाउज तेवढा दोन बोटं कमीच पडत होता.

"टेलरकडून उसवून घ्या ना."

"आईच्या हातची शिवण परक्याला उसवू देऊ? नक्को!" त्या भडकल्या, आणि एकदम रडायलाच लागल्या. "एवढंच राहिलंय गं तिचं माझ्याकडे. लेकीच्या लग्नात ती अंगाशी पाहिजे मला."

मी ब्लाउज उलटा करून पाहिला. दोन्ही कडांना भरपूर कापड आत सोडलेलं, आणि त्यावर एक नाही, तीन-तीन टिपा मारलेल्या.

"ताई, हे बघा. पहिली टीप उसवून सैल केला तरी दुसरी आईंचीच आहे. तिसरीसुद्धा."

ताईंनी डोळे पुसून चष्मा लावला. तिन्ही टिपांवरून सावकाश बोट फिरवलं. मग रडता रडताच हसल्या.

"म्हातारीला परवाच ठाऊक होतं गं, मी अशी सुटणार ते."